दोनशे जणांपुढचं शहाणपण

भादवा लागला की माझ्या फोनवर संत्री गळायला लागतात.

मी राहते अमरावतीत, दुसऱ्या मजल्यावर. बगीचा वगैरे काही नाही. गॅलरीत एक तुळस आणि एक हट्टी जास्वंद, तीही पाणी घातलं नाही की तोंड फिरवणारी. पण सकाळचा चहा गाळेपर्यंत फोटो यायला सुरुवात होते. झाडाखाली पडलेली हिरवी, अर्धवट पिवळी फळं, काळ्या चिखलात रुतलेली. कुणी फळ मधोमध चिरून दाखवतं, कुणी देठाजवळचा डाग. कुणी नुसता आपला तळहात पुढे करतं, त्यावर तीन संत्री, आणि खाली प्रश्न, "मॅडम, काय कराव?" फोटोला वास नसतो म्हणतात. मला येतो. सालीच्या तेलाचा कडवट आणि कुजक्या पाल्याचा आंबूस, असा दोन्ही मिळून एक वास, त्यात चिलटांची गुणगुण. अकोल्याच्या शेतकी कॉलेजात तीस वर्षं झाडांचे रोग शिकवले. तो वास नाकात घर करून बसला आहे.

निवृत्त झाले तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं हा गट काढला. तेल्हारा-अकोटाकडचे आणि इकडे चांदूर बाजारापर्यंतचे मिळून दोनशे संत्रावाले त्यात आहेत. विद्यार्थी पुढे नोकरीसाठी लांब गेला आणि गट माझ्या गळ्यात पडला. लेकरू शेजारणीकडे ठेवून जावं आणि परत येऊच नये, तसं.

आता सात वर्षांत मला या गटातल्या माणसांच्या बोलण्याचा अभ्यास झाला आहे. झाडांच्या रोगांपेक्षा जास्तच. इथे जोडलेल्या हातांचे निदान सहा अर्थ होतात: नमस्कार, आभार, माफ करा, पुरे करा, शुभ रात्री, आणि 'तुमच्या तोंडी कोण लागते बाप्पा'. यातला कुठला हे कोणी कोणाला पाठवलं त्यावरून ओळखायचं. काही जण लिहीत नाहीत, बोलतात. त्यांच्या आवाजामागे मोटर चालू असते, पाणी पाटात पडत असतं, कुणीतरी बैलाला शिव्या देत असतं. प्रश्न अर्ध्या मिनिटाचा आणि पंचनामा तीन मिनिटांचा. काही जण आपल्या मताला साक्षीदार म्हणून व्हिडिओ आणतात. कुठल्या तरी राज्यातला, कुठल्या तरी झाडाखालचा, डोक्याला रुमाल बांधलेला माणूस. तो काय म्हणतो ते आपल्याला कळतही नाही, पण तो ठामपणे म्हणतो. आणि बाकीचे, म्हणजे दोनशेतले दीडशे, काहीच म्हणत नाहीत. ते नुसते वाचतात. त्यांच्या नावापुढे निळ्या खुणा उमटतात आणि त्यांनी काय घेतलं, काय टाकलं, हे देवालाच ठाऊक.

या वाचणाऱ्यांचा मला फार काळ विसर पडला होता. खरं सांगायचं तर विसर नव्हे. ते वाचताहेत हे माहीत होतं म्हणूनच मी तशी लिहायचे.

तीन वर्षांपूर्वीचा भादवा. पाऊस जोराचा नव्हता, पण थांबायचं नाव नव्हतं. सकाळी भुरभुर, दुपारी उघडीप पडल्याचं सोंग, संध्याकाळी परत भुरभुर. वाळत घातलेले कपडे तीन-तीन दिवस दमट. महालक्ष्म्या बसायच्या होत्या, मी सोळा भाज्यांची यादी करत होते आणि फोन कढईतल्या मोहरीसारखा तडतडत होता. आंबिया बहाराची फळं, म्हणजे दिवाळीच्या पुढेमागे उतरायची ती, चौफेर गळत होती. बुरशी. उपाय जुना, सगळ्यांना पाठ: मोरचूद आणि चुना मोजून कालवायचा, गाळायचा आणि फवारायचा. वैताग एवढाच की चुना फवाऱ्याच्या तोंडाशी अडकतो. दर दोन झाडांमागे पंप खाली ठेवा, तोंड उघडा, तारेनं टोकरा. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला विचारा.

तेल्हाऱ्याच्या बाजूचे सुधाकरभाऊ या गटातले जुने. साठीचे, सव्वादोनशे झाडांचा बगीचा, प्रत्येक झाड स्वतः खड्डा खणून लावलेलं. त्यांनी त्या सकाळी एक व्हिडिओ टाकला. त्यात एक माणूस चुन्याऐवजी कपडे धुण्याची पावडर मोरचुदात ढवळत होता आणि सांगत होता, फवारा चोंदणार नाही, औषध पानाला चिकटून बसेल. भाऊंनी खाली विचारलं होतं, "मॅडम हे चालते का?"

बस्स, एवढंच. चार शब्द.

आता याचं उत्तरही चार शब्दांत देता आलं असतं. नको भाऊ, पानं जळतील. पण माझा हात मसाल्याचा, डोकं यादीत, आणि त्या आठवड्यात असल्या व्हिडिओंनी माझा जीव नकोसा केलेला. शिवाय जीभ. कॉलेजात माझ्या जिभेची ख्याती होती. तोंडी परीक्षेत मी विद्यार्थ्याला एका वाक्यात असा झोपवायचे की बाहेर उभ्या पोरांत ते वाक्य आधी पोचायचं, पोरगा नंतर. मी लिहिलं:

"सुधाकरभाऊ, संत्र्याची झाडं आहेत ती, गोधड्या नाहीत. धुवायच्याच असतील तर पूर्णेवर न्या."

अहाहा! काय बरसले लोक! हसून डोळ्यांतून पाणी काढणारे ते पिवळे चेहरे एकामागून एक, पडद्यावर मावेनात. एकानं विचारलं, "भाऊ, वाळत कुठं घालान?" दुसरा म्हणाला, "इस्त्रीवाला पाह्यजे का?" मी हसत हसत भाजी चिरली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. निवृत्तीनंतर बाईला कोण टाळ्या देतं?

भाऊंनी लिहिलं, "मॅडम, इचारलं फक्त."

तिथे तरी थांबावं. पण कुणीतरी परत धुण्याची गोष्ट काढली, मग भाऊही तापले. "या मानसाचा बगीचा पाहा किती हिरवा हाये. तुमी कधी पाठीवर पंप घेतला का?" हे मला झोंबलं, कारण खरं होतं. नाहीच घेतला. मग मी मुद्दे मांडले. एक, दोन, तीन, चार, पाच. पुराव्यासकट. त्यांतला एकही मुद्दा आजही चुकीचा म्हणून कुणी दाखवावा. लोकांनी अंगठे उचलले. भाऊ त्यानंतर बोलले नाहीत, आणि मी समजले, पटलं.

गप्प बसलेल्या माणसाला पटलं असं समजणं, हा माझा जन्माचा रोग. वर्गातही तेच करत आले.

महालक्ष्म्या उठल्या, पंधरा-वीस दिवस गेले. शब्बीरभाईंचा फोन आला. शब्बीरभाई अकोटचे, संत्र्याचे व्यापारी. बापाच्या वेळेपासून झाडावरचा माल पाहून बगीचे घेतात. कॉलेजातल्या बागेचा माल ते घ्यायचे तेव्हापासूनची ओळख. बोलणं अर्धं वऱ्हाडी, अर्धं उर्दू, आणि दोन्हींत सारखंच गोड.

"मॅडम, सुधाकरभाऊच्या बगीच्यात जाऊन आलो," ते म्हणाले. "माल घ्यासारखा नाई राह्यला. पानं कडेनं भाजल्यावानी झाली, फळावर काळे ठिपके. मी इचारलं काय मारलं, तं सांगत नव्हते. मंग भाभीनं सांगतलं."

गॅलरीत जास्वंदीजवळ जाऊन उभी राहिले. शब्बीरभाई पलीकडून दोनदा "हॅलो" म्हणाले.

अक्कलवान बाई होते मी. मी बरोबर होते. पाचही मुद्दे बरोबर होते. आणि ज्याच्यासाठी ते लिहिले त्यानं नेमकं तेच केलं होतं जे करू नको म्हणून लिहिलं होतं. आधी राग आला, खोटं नाही सांगत. एवढं सांगूनही? मग रात्रभर... जाऊ द्या. सकाळी उठून मी गटावरचं ते सगळं बोलणं पहिल्यापासून वाचलं. आपलं आपण वाचायला बसलं की कसं दिसतं माहिती आहे? लग्नाच्या व्हिडिओत आपण पंगतीत बसून जेवताना दिसतो ना, तसं.

मी ठरवलं, माफी मागायची. चुकलं तर कबूल करायची लाज कसली? आणि मी ती अशी मागितली की काय सांगू! चार परिच्छेद. "ज्ञानाचा अहंकार", "शेतकऱ्याच्या घामासमोर नतमस्तक", "सुधाकरभाऊंच्या बगीच्याचं जे नुकसान झालं त्याला माझी जीभ जबाबदार आहे". दोनदा वाचून, एक स्वल्पविराम बदलून, गटावर टाकली. जोडलेल्या हातांचा पूर आला. "मॅडम, तुमचं मन मोठं." "असे शिक्षक होणे नाही." एकानं तर ती माफी पुढे पाठवायची परवानगी मागितली. मी दिली.

संध्याकाळी सुधाकरभाऊंचा फोन. गट माझ्याकडे आल्यापासूनचा पहिला फोन.

"मॅडम," ते म्हणाले. आवाज शांत होता, आणि त्याचीच भीती वाटली. "हे गटावर कावून टाकलं?"

"भाऊ, मी तुमची माफी..."

"माही माफी, तं मले मांगा न. दोनशे लोकायले कावून मांगतली? बगीचा जळला हे आमच्या घरी मालूम होतं अन शब्बीरभाईले. आता साऱ्या तालुक्याले मालूम झालं. त्यात माहे व्याही हायेत, मॅडम. दिवाळीले पोरगी इकडं याले निघन तं थे तिले इचारतीन न, धुनं झालं का म्हनून."

मी फोन या कानावरून त्या कानावर नेला.

"अन एक सांगू का," ते म्हणाले, "तुमचं बरोबर हाये, हे मले त्याच दिवशी समजलं होतं. तुमी पयला मुद्दा लिवला तवाच. पन तवरिक लोक हसले होते. आता हो म्हनून मागं सरकू कसा? मंग म्हनलं, मारूनच दाखवतो."

फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसून राहिले. दोनदा एकच चूक करायची आणि दुसऱ्या वेळेला ती अधिक सुंदर भाषेत करायची, यालाही अंगी कसब लागतं.

दुसऱ्या दिवशी शब्बीरभाईंना फोन केला. सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, तुमी बैलबाजार पाह्यला का कधी?" मी म्हटलं, लहानपणी, वडिलांबरोबर. "मंग हात पाह्यले असतीन." पाहिले होते. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे, दोघांच्या हातांवर एक रुमाल. रुमालाखाली बोटं धरून भाव सांगायचा, बोटं दाबून तोडायचा, वाढवायचा. भोवती पंचवीस माणसं, पण आकडा कोणालाच दिसत नाही. मला लहानपणी ती चोरी वाटायची.

"चोरी नाई," शब्बीरभाई म्हणाले. "उघड्यावर आकडा बोलला का मानूस मंग खाली येत नाई. लोक पाहून राह्यले न! इज्जत का सवाल. रुमालाखाली काय, दहादा उतरा, दहादा चढा, कोनाचं काही जात नाई. झाकली मूठ सव्वा लाखाची. माहे अब्बा म्हनत, सौदा रुमालाखाली होते, उघड्यावर फकस्त तमाशा होते."

मला वाटतं, वादविवादाबद्दल मी जेवढं शिकले आणि शिकवलं, त्यात हे कुठे नव्हतं. आम्हाला वाटायचं, बाजू खरी असली, पुरावा पक्का असला, की झालं. समोरच्याला मागे सरकायला पावलापुरती जागा लागते, ती आपणच ठेवायची असते, हे कोणी सांगितलं? गटात ती जागाच नाही. तिथे प्रत्येक "हो, माझं चुकलं" दोनशे खिडक्यांत एकाच वेळी दिसतं. मग माणूस चुकलेलं धरून बसतो. मूर्ख म्हणून नव्हे. घर असतं, सोयरे असतात, गावात फिरायचं असतं म्हणून. आता मला कुठल्याही गटात कुणी उगाच हटून भांडताना दिसला की पहिला प्रश्न मनात येतो: याचे व्याही कुठल्या गटात आहेत?

आणि ते दीडशे मुके वाचणारे? माझ्या माफीनंतर त्यांतल्या दोघांचे फोन आले, गटावर नव्हे, वेगळे. दोघांनीही तीच पावडर मारली होती, थोड्याच झाडांवर. दोघंही म्हणाले, मॅडम, नाव नका सांगू कोणाले. मी नाही सांगितलं. हेही सांगते आहे ते नाव न घेता.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. बगीचा वाचला. पाच-सहा झाडं गेली, बाकीची उभी आहेत. त्या वर्षीचं पीक मात्र हातचं गेलं, ते कुठल्याही माफीनं येत नसतं. सुधाकरभाऊ आणि मी अजून भांडतो, भरपूर भांडतो. फोनवर.

पण मला सांगायचा आहे तो दिवस त्याच्या आधीचा. शब्बीरभाईंशी बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं निघाले, अमरावतीहून अकोट, तिथून तेल्हारा, पुढे ऑटो. न कळवता गेले. कळवलं असतं तर भाऊ कुठेतरी बाहेरगावी गेले असते. ऊन पडलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटायच्या बेतात, मधूनच पिवळं पडत चाललेलं सोयाबीन. घरी फक्त त्यांची बायको मंदाताई. तिनं मला ओळखलं नाही. मी नाव सांगितल्यावर तिचा चेहरा एकदम मिटला. पाणी दिलं. मग म्हणाली, "मॅडम, थे जेवत नाई धड. बगीच्यात जाऊन बसून राह्यते. तुमी भांडाले आल्या का?"

"नाही हो."

"भांडा. पन तिथंच जाऊन भांडा. इथं शेजारपाजार आयकते."

बगीच्यात पोचले तेव्हा चपलेला काळी माती लागून पाय मणाचे झाले होते. फोटोत एवढं दिसत नाही. पानांच्या कडा जळून आत वळल्या होत्या. हिरव्या फळांवर काळे ठिपके, हात लावला की खरखरीत. आणि खाली शांतपणे पडत होती. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग परत टप्. मी रडले. झाडापाशी उभी राहून, पदर तोंडाला लावून, चांगली रडले.

भाऊ एका झाडाखालून उठून आले. उंच, वाळके, हातात विळा. "कावून आल्या मॅडम एवढ्या लांब?" म्हणाले. आवाजात राग होता की काळजी, कळलं नाही. मग स्वतःच फिरवू लागले. इथे जास्त मारलं, तिथे पंप संपला म्हणून कमी बसलं. आम्ही शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. माफीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

मग त्यांनी विचारलं. "मॅडम, जे फळ वर राह्यलं, थे तोडून टाकू का ठेवू? तोडलं तं झाडाचा ताण जाईन, पन चार पैसे यायचे थेही गेले. ठेवलं तं झाडच बसलं तं?"

माझ्या तोंडावर उत्तर तयार होतं. दोन्ही बाजूंची तयार होती. तीस वर्षं याच प्रश्नावर मी पोरांना दहा-दहा गुण दिले आहेत. मी वर पाहिलं, झाड पाहिलं, त्या माणसाचा चेहरा पाहिला.

"भाऊ, मला माहीत नाही," मी म्हटलं. "एवढं जळलेलं झाड मी पुस्तकात पाहिलं आहे. असं उभं नाही पाहिलं. तोडावं असं वाटतं, पण खात्री नाही."

त्यांनी विळा या हातातून त्या हातात घेतला. "गटावर तं तुमाले सारंच मालूम राह्यते."

"गटावर दोनशे जण असतात, भाऊ. तिथे माहीत नाही कसं म्हणू?"

मग सुधाकरभाऊ हसायला लागले. विळा खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून हसले, डोळे पुसले. "हात् तिच्या मायले! म्हंजे तुमचंही तेच, अन माहंही तेच!"

मीही हसले. नाक लाल, चपलेला किलोभर माती, आणि हसते आहे.

"असं करू," ते म्हणाले, "एक ओळ तोडू, एक ठेवू. एक तोडू, एक ठेवू. चुकलो तं अर्धे तुमी, अर्धा मी."

मंदाताई टोपलं घेऊन आली होती, आमचं भांडण झालं की नाही ते पाहायला. पहिल्या ओळीच्या पहिल्या झाडाशी भाऊ थांबले आणि म्हणाले, "घ्या मॅडम, तोडा." मी हात वर केला. हिरवं, टणक, ठिपक्यांनी भरलेलं फळ होतं. गळायचं नव्हतं ते, घट्ट धरून होतं. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले होते, फळं काढून टाका म्हणून. माझ्या सांगण्यावरून झाडाचं फळ माझ्या हातानं तुटत होतं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि देठ सुटताना फांदी केवढी हलली.